दाढेवरच्या सिरॅमिक कॅपची ताकद नेमकी कशात असते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईच्या खालच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनल झाले आहे. एका दंतवैद्यांनी ई-मॅक्सची म्हणजे लिथियम डायसिलिकेटची कॅप सुचवली, दुसऱ्यांनी वरून पोर्सेलिनचा थर दिलेली झिर्कोनियाची. झिर्कोनियाच्या कार्डावर '१२०० मेगापास्कल' आणि '१५ वर्षांची वॉरंटी' असे छापलेले आहे. आईला जेवणानंतर सुपारीचे खांड चघळण्याची सवय आहे आणि झोपेत त्या दात खातात. यातले जास्त मजबूत काय आणि ते किती वर्षे टिकेल, हे आपण विचारले आहे.

माझे मत आधी सांगतो, कारणे नंतर. या दाढेसाठी मी अखंड झिर्कोनियाची, म्हणजे वर पोर्सेलिनचा थर नसलेली कॅप निवडेन, आणि तीही पारंपरिक, कमी पारदर्शक प्रकारच्या झिर्कोनियाची. ई-मॅक्स चुकीचे ठरणार नाही. मात्र त्यासाठी जाडी पुरेशी मिळाली पाहिजे आणि कॅप दाताला रासायनिक पद्धतीने पक्की जोडली गेली पाहिजे. थर दिलेली झिर्कोनिया मी या रुग्णासाठी टाळेन, जरी तिच्या कार्डावरचा आकडा सर्वांत मोठा असला तरी.

त्या आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण रुग्णांचा सर्वाधिक गोंधळ त्याच्यामुळे होतो. मेगापास्कल हे ताण मोजण्याचे एकक आहे आणि १२०० मेगापास्कल ही वाकवून मोडताना मोजलेली ताकद आहे. प्रयोगशाळेत त्या पदार्थाची लहानशी पट्टी किंवा चकती तयार करतात, ती नीट घासून गुळगुळीत करतात, आधारांवर ठेवून मधोमध दाब देतात आणि ती मोडते त्या क्षणीचा ताण नोंदवतात. ही चाचणी कशी करायची आणि कोणत्या कामाला किती ताकद पुरेशी मानायची, हे आयएसओ ६८७२ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेले आहे. त्यानुसार दाढेवरची एकटी कॅप दाताला चिकटवून बसवायची असेल तर किमान १०० मेगापास्कल आणि साध्या सिमेंटने बसवायची असेल तर किमान ३०० मेगापास्कल अपेक्षित आहेत. दाढेचा समावेश असलेल्या तीन दातांच्या ब्रिजसाठी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॅपसाठी, ५०० आणि चार किंवा अधिक दातांच्या ब्रिजसाठी ८०० मेगापास्कल लागतात. म्हणजे एकट्या कॅपच्या बाबतीत १००० आणि १२०० यांतल्या फरकाने तोंडात काहीच बदलत नाही. दोन्ही आकडे गरजेच्या कितीतरी पुढचे आहेत आणि तरीही अशा कॅप कधी कधी तुटतात. त्या का तुटतात, हा खरा प्रश्न आहे.

सिरॅमिक दाबाखाली फार मजबूत असते, ताणाखाली मात्र कमकुवत असते. धातूवर मर्यादेपेक्षा जास्त ताण आला तर तो थोडा वाकतो, आणि त्या वाकण्यात ताण विरून जातो. सिरॅमिकला ती सोय नाही. त्यात कुठे सूक्ष्म चीर असेल तर सगळा ताण तिच्या टोकाशी एकवटतो. काच कापणारा कारागीर हिरकणीने काचेवर एक बारीक चरा ओढतो आणि हलक्या हाताने काच मोडतो. काचेची जाडी तीच असते, पण ती कुठे मोडायची हे त्या चऱ्याने ठरवून टाकलेले असते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० मध्ये काचेवर प्रयोग करून हेच गणिताने मांडले: ठिसूळ पदार्थाची प्रत्यक्षातली ताकद त्यातल्या सर्वांत मोठ्या दोषाच्या आकारावर अवलंबून असते. म्हणूनच एकाच ठोकळ्यातून कापलेल्या वीस सारख्या पट्ट्या एकाच बलाला मोडत नाहीत. कार्डावर छापलेला आकडा ही सरासरी असते. आपल्या आईच्या दाढेवर बसणाऱ्या कॅपमध्ये सर्वांत मोठी चीर कुठे आणि केवढी आहे, हे ते कार्ड सांगू शकत नाही.

म्हणून ताकदीसोबत आणखी एक गुण पाहावा लागतो, तो म्हणजे चिवटपणा: पडलेल्या चिरेला पुढे जाऊ न देण्याची पदार्थाची क्षमता. जुन्या पद्धतीच्या पोर्सेलिनची वाकवण्याची ताकद ६० ते १०० मेगापास्कल असते आणि चिवटपणा, त्याच्या ठरलेल्या एककात, १ च्या आसपास असतो. लिथियम डायसिलिकेटची ताकद साधारण ३६० ते ५०० आणि चिवटपणा २ ते ३. पारंपरिक झिर्कोनियाची ताकद ९०० ते १२०० आणि चिवटपणा ५ किंवा त्याहून अधिक. लिथियम डायसिलिकेटच्या काचेत सुईसारखे लांबट स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे चिरेला सरळ वाट मिळत नाही, तिला वळसे घेत जावे लागते. झिर्कोनियात जे घडते ते याहून विलक्षण आहे, आणि मला ते आजही तितकेच सुंदर वाटते.

शुद्ध झिर्कोनियम ऑक्साइडचे स्फटिक तापमानाप्रमाणे रूप बदलतात. सुमारे ११७० अंश सेल्सिअसच्या वर ते एका घट्ट रूपात असतात आणि थंड होताना दुसऱ्या, किंचित मोठ्या आकाराच्या रूपात जातात. या बदलात त्यांचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, आणि शुद्ध पदार्थाचा तुकडा थंड होतानाच तडकून जातो. त्यात ३ टक्के इट्रिया, म्हणजे इट्रियम या धातूचे ऑक्साइड, मिसळला की ते घट्ट रूप खोलीच्या तापमानालाही टिकून राहते, मात्र काहीसे दडपून ठेवल्यासारखे. पुढे कधी चीर पडली तर तिच्या टोकाशी एकवटलेल्या ताणामुळे आजूबाजूचे दडपलेले कण मोकळे होतात, फुगतात आणि ती चीर दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. ज्या गुणामुळे शुद्ध झिर्कोनिया फुटत होता, तोच गुण येथे चीर अडवण्याच्या कामी येतो. गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७५ मध्ये 'सिरॅमिकचे पोलाद?' अशा प्रश्नार्थक शीर्षकाच्या लेखात हे दाखवून दिले.

झिर्कोनिया म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे, हे मात्र दुकानदारीच्या भाषेत हरवून जाते. पारंपरिक प्रकार मजबूत असला तरी पांढुरका आणि अपारदर्शक दिसतो. पुढच्या दातांसाठी तो नैसर्गिक दिसावा म्हणून इट्रियाचे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत वाढवले गेले. त्यामुळे निम्म्याच्या आसपास कण कायमच्या स्थिर रूपात जातात, प्रकाश आरपार जाऊ लागतो आणि कॅप देखणी होते; परंतु स्थिर झालेले कण फुगत नाहीत, म्हणून चीर अडवण्याची ती यंत्रणा जवळजवळ नाहीशी होते. अशा 'अतिपारदर्शक' झिर्कोनियाची ताकद ५०० ते ७०० मेगापास्कलवर येते आणि चिवटपणा लिथियम डायसिलिकेटच्या जवळपास उतरतो. नाव तेच, कार्डही त्याच रंगाचे, पण पदार्थ वेगळा. आपण दंतवैद्यांना जरूर विचारा की यात इट्रिया ३ टक्के आहे, ४ की ५. चांगल्या लॅबला हे ठाऊक असते आणि ती लपवत नाही.

तोंडातली परिस्थिती प्रयोगशाळेतल्या कोरड्या पट्टीपेक्षा फार निराळी असते. तेथे कायम ओलावा असतो, गरम चहा आणि थंड पाणी आलटून पालटून येते, आणि दररोज शेकडो वेळा चावले जाते. कॅप एकाच मोठ्या दाबाने तुटली असे क्वचित घडते. बहुतेक वेळा मर्यादेपेक्षा खूप कमी असलेल्या, पण लाखो वेळा आलेल्या दाबाखाली चीर कणाकणाने वाढत जाते. काचयुक्त सिरॅमिकमध्ये पाणी या कामाला हातभार लावते. चिरेच्या टोकाशी ताणलेले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध पाण्याच्या रेणूंमुळे सुटत जातात आणि चीर पुढे सरकते. त्यामुळे पोर्सेलिनची दीर्घकालीन ताकद पहिल्या दिवशी मोजलेल्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी असते. झिर्कोनियावर ओलाव्याचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो: पृष्ठभागावरचे कण कोणत्याही चिरेविना हळूहळू रूप बदलू लागतात. २००१ मध्ये एका उत्पादकाच्या भट्टीच्या प्रक्रियेत बदल झाल्यानंतर कृत्रिम खुब्यात वापरायचे झिर्कोनियाचे काही गोळे मुदतीच्या फार आधी तुटू लागले होते आणि ते परत मागवावे लागले होते. दातांच्या कॅपमध्ये असे संकट आलेले नाही, तरी पदार्थ तोच असताना केवळ भाजण्याच्या पद्धतीने त्याचे आयुष्य किती बदलते, हे त्या घटनेने आम्हा सर्वांना शिकवले. झिर्कोनियाची कॅप खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून सुमारे २० टक्के मोठी कोरली जाते आणि १४५० ते १५५० अंशांच्या भट्टीत आक्रसून मापाला येते. भट्टीचे तापमान नियमित तपासणारी लॅब आणि न तपासणारी लॅब यांच्या कार्डावर आकडा मात्र एकच छापलेला असतो.

आता थर दिलेल्या झिर्कोनियाला मी का टाळतो ते सांगतो. तिचा आतला सांगाडा १००० मेगापास्कलचा असतो, पण सुपारी ज्या पृष्ठभागावर फुटते तो वरचा थर १०० मेगापास्कलच्या आसपासच्या पोर्सेलिनचा असतो. त्यातच झिर्कोनिया उष्णता फार हळू वाहून नेतो. भाजल्यानंतर कॅप घाईने थंड केली तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला भाग गरम राहतो, आणि पोर्सेलिनमध्ये कायमचा ताण कोंडला जातो. पुढे वर्ष दोन वर्षांत एखाद्या जेवणात टवका उडतो. आतला सांगाडा शाबूत असतो, पण कॅप खडबडीत होते, जिभेला बोचते आणि बहुधा काढून नवी करावी लागते. इरेना सेलर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एकट्या कॅपचा पाच वर्षांचा टिकाव काढला होता. त्यात धातूवर पोर्सेलिन दिलेल्या कॅप ९४.७ टक्के, लिथियम डायसिलिकेट आणि त्याच गटातल्या काचयुक्त सिरॅमिकच्या ९६.६ टक्के आणि झिर्कोनियाच्या ९२.१ टक्के टिकलेल्या आढळल्या. सर्वांत मजबूत पदार्थ त्या यादीत सर्वांत वर नव्हता. तेव्हाच्या झिर्कोनिया कॅप बहुतांशी थर दिलेल्या होत्या, हे त्याचे मोठे कारण होते. अखंड झिर्कोनियात टवका उडायला थरच नसतो.

जाडीचा विचार तर याहूनही महत्त्वाचा आहे. पट्टीची भार सोसण्याची क्षमता जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते किंवा घटते. दीड मिलिमीटरची कॅप एक मिलिमीटरवर आणली तर ती निम्म्याहूनही कमी भार सोसते, कारण १ चा वर्ग १ आणि दीडचा वर्ग सव्वादोन. ई-मॅक्सला दाढेवर साधारण दीड मिलिमीटर जागा हवी असते. उत्तम चिकटवली तर एक मिलिमीटरपर्यंत चालते. पारंपरिक झिर्कोनिया एक मिलिमीटरमध्ये निर्धास्त राहतो आणि गरज पडल्यास त्याहूनही पातळ चालतो. वय झालेल्या, दात खाण्याची सवय असलेल्या रुग्णांच्या दाढा आधीच झिजून बुटक्या झालेल्या असतात. तिथे कॅपसाठी जागा करायला आणखी घासले तर कॅपला धरून ठेवायला दात उरत नाही. आपल्या आईसाठी मी झिर्कोनियाकडे झुकतो, त्याचे पहिले कारण हेच आहे.

या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांच्या वरच्या दाढेला मी ई-मॅक्सची कॅप केली. दात बुटका होता, तो आणखी कमी करायला मन धजेना, म्हणून मधल्या खळग्यात जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर राहिली. उंचवट्यांवर मापे बरोबर होती आणि मी तेवढ्यावर समाधान मानले. चौदा महिन्यांनी ती कॅप मधल्या खळग्यातून सरळ दुभंगली. तुकडे भिंगाखाली पाहिले तेव्हा तडा आतल्या, सिमेंटच्या बाजूने सुरू झालेला स्पष्ट दिसत होता. वरून दाब आला की कॅपचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो आणि तिथेच चीर जन्म घेते. तेव्हापासून कॅप हातात आली की मी मापकाने आधी खळगा मोजतो, मग बाकीचे पाहतो, आणि माप भरले नाही तर पदार्थ बदलतो किंवा रुग्णाला पुन्हा बोलावतो.

तडा आतल्या बाजूने सुरू होतो म्हणूनच कॅप कशी बसवली याला एवढे महत्त्व आहे. लिथियम डायसिलिकेटच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक आम्ल साधारण २० सेकंद लावले की त्यातली काच विरघळून सूक्ष्म खाचा पडतात. त्यावर सिलेन (काच आणि रेझिन यांना जोडणारे द्रव्य) आणि रेझिन सिमेंट वापरले की कॅप आणि दात जवळजवळ एकसंध होतात, सिमेंट त्या बारीक चिरा भरून काढते आणि ताण दाताकडे वाटला जातो. हेच काम साध्या सिमेंटवर निभावले तर पदार्थाची अर्धी बाजू आपणच सोडून दिल्यासारखे होते. झिर्कोनियात काच नसल्याने हे आम्ल त्यावर चालत नाही. त्याला बारीक ॲल्युमिना कणांचा हलका मारा आणि फॉस्फेट गटाचा प्रायमर, म्हणजे सिमेंटची पकड बसवणारा द्रव, लागतो. दात पुरेसा उंच असेल तर झिर्कोनिया साध्या सिमेंटनेही चांगला बसतो. एक गोष्ट मात्र पाळावी लागते. तोंडात कॅप बसवून पाहताना तिला लाळ लागते आणि लाळेतले फॉस्फेट झिर्कोनियाला घट्ट धरून बसते. ते पाण्याने धुऊन जात नाही. ते योग्य द्रावणाने स्वच्छ केल्याशिवाय सिमेंट लावले तर काही महिन्यांत कॅप आख्खीच्या आख्खी हातात येते, आणि दोष बिचाऱ्या पदार्थाला दिला जातो.

कॅप बसल्यावर रंगीत कागद चावायला लावून उंच लागणारा भाग हिऱ्याच्या बरने, म्हणजे ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या टोकाने, घासला जातो. हे प्रत्येक दंतवैद्याला करावे लागते. ते भरपूर पाणी सोडून, बारीक दाण्याच्या बरने केले पाहिजे आणि त्यानंतर झिर्कोनियासाठी बनवलेल्या रबरी पॉलिशरने टप्प्याटप्प्याने चकाकी आणली पाहिजे. खरखरीत सोडलेला पृष्ठभाग दोन प्रकारे नुकसान करतो: त्यावरचे ओरखडे पुढच्या चिरांची बीजे ठरतात आणि समोरचा नैसर्गिक दात कानशीने घासल्यासारखा झिजतो. झिर्कोनिया कठीण असल्याने समोरचे दात खाऊन टाकतो, असा समज आहे. नीट पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरच्या दाताच्या एनॅमलला, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणाला, पोर्सेलिनपेक्षा कमी झिजवतो. नुसते ग्लेझ, म्हणजे चकाकीचा काचेसारखा लेप, दिलेले असेल तर तो पातळ थर काही महिन्यांत निघून जातो आणि खालचा खडबडीत भाग उघडा पडतो. आईची कॅप बसवल्यावर त्यांना जिभेने त्या जागेवरून फिरवून पाहायला सांगा. किंचितही खरखर लागली तर संकोच न करता पुन्हा पॉलिश करून मागा.

सुपारीबद्दल मला स्पष्ट सांगितले पाहिजे. सुपारीने तोंडाच्या आतल्या त्वचेचे जे नुकसान होते आणि कर्करोगाचा जो धोका असतो, त्यापुढे कॅपचा प्रश्न लहान आहे. ती सोडणे हा पहिला सल्ला. कॅपच्या दृष्टीने पाहिले तर पोळी भाजी चावताना दाब दाढेच्या विस्तृत भागावर पसरतो, तर अडकित्त्याने कातरलेले खांड सगळा दाब एका टोकावर आणते. झोपेत दात खाण्याचे दाब जागेपणीच्या चावण्याहून मोठे आणि दीर्घकाळ टिकणारे असतात, कारण तेव्हा दुखण्याची जाणीव स्नायूंना आवरत नाही. त्यांच्यासाठी कॅप बसल्यानंतर रात्री घालायचा कडक ॲक्रिलिकचा नाइट गार्ड करून घ्या. माझ्या मते पदार्थाच्या निवडीपेक्षाही त्या गार्डमुळे कॅपची वर्षे जास्त वाढतील.

राहिला १५ वर्षांचा प्रश्न. वॉरंटी कार्ड खरे असते, पण त्याने मिळते ती नवी कॅप. जुनी कॅप कापून काढणे, पुन्हा माप देणे आणि त्यात दाताचे होणारे नुकसान हे त्या कार्डात येत नाही. शिवाय आजच्या कॅप निकामी होतात तेव्हा बऱ्याचदा सिरॅमिक शाबूत असते आणि खालचा दात गेलेला असतो. कडेने कीड आत शिरते, किंवा रूट कॅनलने पोकळ झालेला दात हिरडीच्या पातळीवर मोडतो आणि आख्खी कॅप आतल्या खुंटासकट बाहेर येते. म्हणून कॅप करण्याआधी हिरडीच्या वर सगळीकडून किमान दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा निरोगी दात शिल्लक आहे का, हे आईच्या दंतवैद्यांना विचारा. तेवढा दात असेल आणि कॅपची कड त्याला मिठी मारून बसत असेल, तर पंधरा वर्षे ही अवास्तव अपेक्षा नाही. तेवढा दात नसेल तर ८०० काय आणि १२०० काय, कोणताही सिरॅमिक त्याला वाचवू शकणार नाही आणि आधी कडेचा दात हिरडीच्या वर अधिक उघडा करून घेण्याचा किंवा दाढ काढण्याचा विचार करावा लागेल.

दंतवैद्यांकडे जाताना एवढे विचारून घ्या: कॅप अखंड आहे की थर दिलेली, इट्रिया किती टक्के, मधल्या खळग्यात जाडी किती आणि कोणत्या सिमेंटने बसवणार. कॅप बसल्यावर दर सहा महिन्यांनी कड तपासून घ्या आणि त्या दाढेच्या दोन्ही बाजूंना दातांमधला लहान ब्रश रोज रात्री फिरवायला आईंना शिकवा.